मालंगची हवा

आमच्या गावात टोफू प्लास्टिकवर शिजतो. खोटं वाटत असेल तर पाक दर्सोनोच्या कारखान्यामागे जाऊन बघा. आम्ही मोठ्या माणसाला मानाने पाक म्हणतो, बाईला बू. परदेशातल्या लोकांनी खाऊन फेकलेल्या पिशव्या, पाकिटं, बाटल्यांची बुचं रद्दी कागदाच्या गाठींत लपून जहाजाने इकडे जावा बेटावर येतात. कागद गिरणीवाले ठेवून घेतात, उरलेला कचरा ट्रकने आमच्याकडे येतो. लाकडापेक्षा कितीतरी स्वस्त. फावड्याने तो भट्टीत लोटायचा आणि त्या वाफेवर सोयाबीनचं दूध उकळायचं. टोफू पांढराशुभ्र निघतो आणि सुराबायाच्या बाजारात जातो. धूर आणि राख आमच्या वाट्याला राहते.

माझं घर भट्टीच्या पाठीलाच लागून आहे. वाळत घातलेली चादर काढावी तर तिच्यावर काजळीचे ठिपके. कोंबड्या राखेत चोची मारतात, म्हणून त्यांची अंडी मी लेकीला द्यायची बंद केली. माझी लेक वियांती. पहिलटकरीण, सातवा महिना आणि लहानपणापासूनचा दमा. नवरा कालिमंतानला खाणीत, म्हणून बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. भट्टी पेटली की तिची छाती शिट्टी वाजवते. सुईण म्हणाली, "कार्सिना, पोरीला धुरापासून लांब ठेव. पोटातल्यालाही श्वास लागतो." कुठे ठेवू लांब? छपराला टांगू?

म्हणून मी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन तक्रार केली. साहेब येणार ही बातमी साहेबांच्या आधी गावात पोचली. त्या दिवशी भट्टीत लाकूड होतं. साहेबांनी हिरव्या मिरचीबरोबर गरम टोफू खाल्ला, धुराड्याकडे मान वर करून पाहिलं, छान छान म्हणाले आणि टोफूचे डबे घेऊन गेले. गाडी वळणाआड जाते न जाते तोच पुन्हा काळा धूर सुरू झाला. बदल एवढाच झाला, की तक्रार कुणी केली हे गल्लीला कळलं.

मग आलं वियांतीचं मितोनी, सातव्या महिन्याचं कार्य. आमच्याकडे कार्य असलं की शेजारच्या बाया न बोलावता सुरी घेऊन पहाटेच हजर होतात. कुणी नारळ खवतं, कुणी मिरच्या वाटतं, आणि जिभा हातांपेक्षा जोरात चालतात. न येणं म्हणजे तोंडावर थुंकणं. त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात एकही बाई आली नाही. मोठं पातेलं चुलीवर चढवायला मी आणि माझी अवघडलेली लेक, दोघीच. शेजारची तुमिना तर अंगणात उभी राहून, मला ऐकू जाईल अशा बेताने कोंबड्यांना म्हणाली, "काहींना दुसऱ्याच्या पोटावर पाय दिल्याशिवाय चैन पडत नाही." तिचा नवरा पार्नो भट्टीत कचरा लोटतो. तीही पोटुशी आहे, माझ्या लेकीच्या मागे महिनाभर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. असा संताप आला, की नारळ फोडताना कोयता बोटावर येता येता राहिला.

ऊन चढल्यावर मागच्या दाराची कडी वाजली. दारात बू सार्मी, पाक दर्सोनोची बायको. डोक्यावरून ओढणी, हातात टोफूची टोपली.

"हात लागू दे माझा पण," ती म्हणाली आणि पाट ओढून बसलीसुद्धा. काकड्या चिरायला घेतल्या.

"पुढच्या दाराने यायला काय झालं होतं, बू?"

"लोक बघतात गं."

"लोकांना तुमचा धूर दिसत नाही, तुम्ही मात्र दिसता होय?"

तिने पुढची काकडी ओढली. तेवढ्यात वियांतीला खोकल्याची उबळ आली. भिंतीला धरून ती वाकली, डोळ्यांतून पाणी. सार्मीने सुरी खाली ठेवली आणि तिची पाठ चोळली. चोळणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

"तुमची सून दिसली नाही बऱ्याच दिवसांत," मी म्हटलं. "तिलाही दिवस गेलेत ना?"

"ती मालंगला आहे. माझ्या भावाकडे."

"का?"

"अशीच. जरा हवापालट."

"हवापालट!" माझा आवाज असा चढला, की तुमिनाच्या कोंबड्याही गप्प झाल्या असतील. "इथल्या हवेला काय झालंय? तुमचा नवरा मशिदीच्या ओट्यावर बसून सांगतो ना, आमच्या आजोबांपासून हा धूर आहे, कोण मेलंय? आजोबा लाकूड जाळत होते, बू! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि आमच्या पोरींनी काय करायचं?"

"हळू बोल, पाया पडते," सार्मी म्हणाली. "तेच सांगायला आले. भावाकडे आणखी एक खाट मावते. वियांतीला पाठव. बाळ होईपर्यंत राहू दे, खाण्यापिण्याचं मी बघते. फक्त ती तक्रार मागे घे. आणि कुणाला बोलू नकोस."

खोटं कशाला सांगू, माझं मन डगमगलं. मालंगला डोंगराची गार हवा आहे. माझी पोर आडवी पडून झोपेल. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, भडका होता.

"बू सार्मी," ती धापा टाकत म्हणाली, "तुमिनाचं पोटही तुम्हाला दिसतं ना? तिची खाट कुठे आहे?"

सार्मीने टोपली तिथेच ठेवली आणि आली तशी मागच्या दाराने गेली.

कार्य उरकलं. दुआ पढायला मशिदीतला मोदीन आला, चार म्हातारे आले, बाकी चटया रिकाम्या. उरलेल्या प्रसादाच्या जेवणाचे डबे आम्ही दोघींनी भरले. रीत अशी, की हे डबे घरोघर द्यायचे आणि आलेला डबा कुणी परत करत नाही, भांडण असलं तरी. मी डबे उचलायला गेले तर वियांतीने माझ्या हातातून घेतले. जिच्या घरी पोटुशी बाई किंवा तान्हं मूल, त्या प्रत्येक दारात ती स्वतः गेली. प्रत्येकीला एवढंच म्हणाली, "बू सार्मीची सून मालंगला आहे. पोटातल्या बाळाला इथली हवा सोसत नाही म्हणून. त्यांनीच सांगितलं."

तुमिनाने डबा घेतला आणि दार लोटलं. दारामागून तिचा आवाज माझ्या अंगणापर्यंत आला. "पार्नो! मालकाची सून कुठे गेलीय ते तुला ठाऊक होतं? बोल की! गाडीपर्यंत सामान कुणी पोचवलं?"  मग भांडं आपटल्याचा आवाज आला.

सकाळी पाक दर्सोनोच्या फाटकासमोर बाया जमल्या. पोटुश्या, लेकुरवाळ्या. काखेत कपड्यांची गाठोडी, कुणाच्या हातात उशी, कुणी तर तांदूळही बांधून आणलेले. पुढे तुमिना, तिच्या शेजारी माझी वियांती. मी मागे उभी होते.

दर्सोनो लुंगी सावरत बाहेर आला. "हे काय?"

"मालंगची गाडी कधी सुटते, पाक?" तुमिनाने विचारलं. "आम्ही तयार आहोत."

बाया खदखदून हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. दर्सोनोने वळून बायकोकडे पाहिलं. ती दारातच होती, मान खाली.

"अगं, इतक्या जणींना मी कुठे ठेवू?"

"मग आम्ही इथेच श्वास घेणार," तुमिना म्हणाली, "आणि इथेच बसणार."

त्या आत शिरल्या आणि भट्टीसमोरच्या कचऱ्याच्या ढिगावर गाठोड्यांसकट बसल्या. पार्नो फावडं घेऊन उभा. आता कचरा उचलायचा तर बायकोच्या खालून उचलायचा.

"ढकल त्यांना!" दर्सोनो ओरडला. "दूध नासेल सगळं!"

"नासू दे!" मी मागून ओरडले. माझ्या पोरीची छाती रोज नासते तेव्हा कुणी ओरडलं होतं?

पार्नोने फावडं भिंतीला टेकवलं आणि बाहेर जाऊन बसला. भट्टी विझत आली, वाफ बसली. हौदातल्या दुधाला आंबूस वास यायला लागला तेव्हा कुठे दर्सोनोने फोन काढला आणि लाकडाची गाडी मागवली. ती आली, ओंडके उतरले, भट्टी पेटली. धुराड्यातून पातळ, करडा धूर निघाला. दर्सोनोने घाम पुसला. "झालं ना मनासारखं? उठा आता. जा घरी."

तुमिना उठायला लागली. वियांतीने तिचा हात धरून तिला पुन्हा बसवलं.

"लाकूड तर साहेब आले तेव्हाही होतं, पाक," माझी लेक म्हणाली. "आधी हा ढीग इथून हलवा. तोवर आम्ही यावरच आहोत."