एका मिनिटाचा लाव्हा

चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या शाळेत गुणवंतरावांनी पंचवीस वर्षे भूगोल शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढला. दरवर्षी तो पालथ्या गंजपातेल्यासारखा दिसे. "भूपृष्ठाखाली असतो तो शिलारस, भूपृष्ठावर येतो तो लाव्हा," हे ते झोपेतही उतरवून देतात, असे कांताबाईंचे म्हणणे होते. आणि नवऱ्याच्या झोपेबद्दल त्या खोटे कशाला बोलतील? मात्र दगडाचा रस गुणवंतरावांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. निवृत्तीआधी एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढीच हौस उरली होती.

म्हणून शेतकरी वामनराव शाळेच्या फाटकातूनच ओरडत आले तेव्हा सरांच्या हातातला खडू पडला.

"सर, माह्या धानाच्या बांधीत जमीन उकळून राह्यली! खांबाचा तार तुटून पडला अन् माती, गोटे, सारं पाघळलं. गुळाच्या पाकावानी!"

आग पाताळातली असो की विजेच्या तारेतली, दगड वितळला म्हणजे वितळला. सरांनी दहावीचा वर्ग उठवला. पण ज्वालामुखी सहलीत बसतो की क्षेत्रभेटीत, हे ठरवायला मुख्याध्यापकांनी तासभर घेतला. वरात बांधीवर पोचली तेव्हा दोरी बांधून आखलेल्या जागेत नुसता काळा पापुद्रा धूर सोडत होता. मोहाच्या झाडाखाली लाइनमन जुबेर डबा खात बसला होता. हा सरांचाच जुना विद्यार्थी, भूगोलात कायम काठावर पास.

"लाइन गेली ना सर. लोडशेडिंग. आता दोन वाजता येते."

वीज चंद्रपुरात तयार होऊन मुंबईपर्यंत जाई. मूलला ती वाटेत दम खायला थांबे.

"जुबेर, लाइन आली की एक मिनिट पाहू दे. एकच मिनिट!"

"एकच, सर. मंग मी डीपीचा खटका पाडून लाइन बंद करतो. साहेबाले समजलं तं माही नौकरी जाईन. अन् दोरीच्या अलीकडंच राहा सारे."

वेळ वाया घालवणे सरांच्या रक्तात नव्हते. ते पापुद्र्याकडे पाठ करून उभे राहिले.

"वह्या काढा. ज्वालामुखीचे प्रकार तीन. जागृत, निद्रिस्त, मृत. हा सध्या निद्रिस्त आहे."

"दोन वाजेपर्यंत," नंदिनीने लिहून घेतले.

"सर," वामनराव म्हणाले, "जमिनीखालचं सरकारचं असते म्हणतेत. म्हणजे शिलारस सरकारचा अन् लाव्हा माहा?"

"तसं म्हणता येईल."

"अन् अर्धा आत, अर्धा बाहेर असन तं?"

पंचवीस वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. सरांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि उत्तराला सुरुवात केली.

त्या दिवशी एक मंत्री मार्कंड्याच्या देवळात दर्शनाला आले होते. त्यांना घाम येऊ नये म्हणून आसपासची लाइन वेळेआधीच सोडण्यात आली.

सरांनी डोळे उघडले तर अख्खा वर्ग तोंडाचा आ करून बसलेला. वामनरावांनी डोईचे मुंडासे काढून छातीशी धरले होते. आपल्या व्याख्येचा असा परिणाम सरांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचा आवाज आणखी चढला.

"सर, मागं..." नंदिनी बोट दाखवू लागली.

"बोट खाली! शंका शेवटी."

"पर सर..."

"शेवटी म्हटलं ना! तर, भूपृष्ठाची पातळी ओलांडताक्षणी शिलारसातील वायू निसटतात, आणि..."

जुबेर डबा टाकून डीपीकडे धावत सुटला.

"अजूनही तास संपायच्या आधी पळतोस का रे!" सर त्याच्या पाठीवर ओरडले. मग समाधानाने रुमालाने मान पुसत म्हणाले, "हं, आता विचारा. काय होतं मागं?"

ते वळले. काळा पापुद्रा धूर सोडत होता.

वार्षिक परीक्षेत शिलारस आणि लाव्हा यांतला फरक विचारला गेला. नंदिनीने लिहिले, "शिलारस जमिनीखाली असतो, म्हणून कोणालाच दिसत नाही. लाव्हा जमिनीवर येतो, तो सर सोडून सर्वांना दिसतो."

सरांनी पूर्ण गुण दिले. खाली लाल शाईने लिहिले, "रंग कसा होता, तेही लिहायला हवे होते."