अंबरीचं झाड

जगन्नाथला खोटं बोलता येत नसे, आणि ज्याला ते येत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. पण अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं, बायकोचा रिपोर्ट पुढे सरकवला आणि म्हणाले, "ऑगस्टपर्यंत धरून चाला. त्यापुढचं मी काही बोलणार नाही." बाहेर बाकावर प्रमोदिनी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला त्याने सांगितलं, "तुझ्या पोटात साधी गाठ आहे. गोळ्यांनी विरघळेल. वेळ लागेल, इतकंच." ती "बरं" म्हणाली. त्या एका 'बरं'वर हा माणूस निर्धास्त झाला! अठरा वर्षं संसार करूनही काही नवरे कोरेच राहतात.

शारजात रोला चौकाजवळ त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. जगन्नाथ दुबईत अल कुसैसला एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. सकाळी जाताना जॅम, संध्याकाळी येताना जॅम, आणि त्या जॅममध्ये बाकीचे हॉर्न वाजवत असताना हा शांतपणे स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा. मूलबाळ झालं नाही, तेही दोघांनी फारसं न बोलता सोसलं. त्याच्या या थंडपणाची प्रमोदिनी मनसोक्त थट्टा करायची. "ह्यांच्या डोक्यावर बर्फाची फॅक्टरी आहे," असं ती शेजारच्या रशीदाला सांगायची. रशीदा रत्नागिरीची. दोघींचं दिवसभर मराठीत चालायचं.

जगन्नाथचे वडील राजापूरकडे आंब्याची कलमं कराराने घेत. मोहोर बघायचा, झाडाचा त्या सालापुरता सौदा करायचा, मग लागेल ते आपलं आणि गळेल तेही आपलं. त्या घराचा शिरस्ता असा की अक्षय तृतीयेच्या आधी आंब्याची फोड तोंडात घालायची नाही. दुबईच्या बाजारात मार्चमध्येच पेट्या यायच्या, मित्र बोलवायचे, पण जगन्नाथ हात लावायचा नाही. "हळव्याला चव नसते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. कोकणात भाताच्या लवकर येणाऱ्या जातीला हळवं म्हणतात आणि उशिरा येणारीला गरवं. जगन्नाथने सगळ्या जगाचीच अशी विभागणी करून टाकली होती.

एप्रिलमध्ये प्रमोदिनीचं जेवण जवळजवळ सुटलं. भात नको, पोळी नको. सफरचंदाची एखादी फोड मात्र घशाखाली उतरायची. तीही दुकानातली, मेण चोळलेली. ती खाताना तोंड वाकडं करायची. फळबाजारात जहूर नावाचा काश्मिरी मुलगा एका गाळ्यावर सेल्समन होता. जगन्नाथ रोज त्याच्याकडूनच फळं घ्यायचा. भाभी आजारी आहेत हे कळल्यावर तो दर शुक्रवारी स्वतः पिशवी घेऊन वर येऊ लागला आणि शोपियानजवळच्या आपल्या सफरचंदाच्या बागेच्या गप्पा सांगू लागला. दंगेधोप्यात व्यापारी यायचे बंद झाले होते. म्हणून त्याचे वडील ओळखीच्या लोकांना फुलोऱ्यावर एकेक झाड वर्षभरासाठी भाड्याने देत.

"म्हणजे अगदी तुमच्या बाबांसारखंच की!" प्रमोदिनी उशीला टेकून बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जोर आला होता. "अहो, आपणही घेऊ या. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचं भाडं भरलं. एकदा झाडाचं भरू."

तेव्हा तिने चंद्र मागितला असता तरी जगन्नाथने हो म्हटलं असतं.

"फूल आ गए हैं, भाभी," जहूर म्हणाला. "अब्बा पूछ रहे हैं, कौनसा पेड रखें? हजरतबली सबसे पहले आता है, जुलाई में. मीठा है, लेकिन टिकता नहीं. एक हफ्ता, खलास. डेलिशस सितंबर में. और अंबरी हमारा अपना सेब है, पुराना. अक्टूबर के आखिर में उतरता है. तोडते ही मत खाना, सख्त रहता है. घास में रखो, दो महीने. फिर देखो, पूरा घर महकता है. मार्च तक चलता है."

"एक हळवं, एक मधलं आणि एक गरवं," प्रमोदिनी हसत म्हणाली. "ह्यांना विचारायलाच नको. आमचं अंबरी लिहून—"

"हजरतबली," जगन्नाथ म्हणाला.

ते इतक्या घाईने आलं की त्याचं त्यालाच कळलं नाही. मग त्याने सारवासारव सुरू केली. "नाही म्हणजे, तुला आत्ता हवंय ना? ऑक्टोबरपर्यंत कशाला उगाच... जुलैत येईल. बरं पडेल."

प्रमोदिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग चादरीची घडी सारखी केली आणि म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" ती हसली, जगन्नाथ हसला, आणि काही न कळूनही जहूर हसला. "यल्ला, चलो, हजरतबली पक्का," म्हणत तो उठला.

पुढचे तीन महिने त्या घरात दोघांनी जो अभिनय केला, त्याला तोड नाही. तो गोळ्या देताना म्हणायचा, "चेहरा बघ कसा तरतरीत झालाय!" ती म्हणायची, "हो, आज जरा हलकं वाटतंय." त्याने मित्रांना घरी यायची बंदी केली, कारण कोणीतरी डोळ्यांत पाणी आणेल आणि सगळं बाहेर पडेल. ऑफिसातून येताना शारजाच्या जॅममध्ये तो काचा लावून रडायचा, घराखाली पार्किंगमध्ये तोंड पुसायचा आणि शीळ घालत जिना चढायचा. आयुष्यात कधी शीळ न घातलेला माणूस! त्याला वाटे, आपलं किती छान जमलंय. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातला प्रकार. त्याची सगळी भिस्त जुलैवर होती. तिच्या झाडाचं फळ तिच्या पोटात जावं, एवढीच आता त्याची मागणी उरली होती.

जुलैचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. प्रमोदिनी आता उठून बसली की थकायची. पेटीचा पत्ता नव्हता. "इन्शाल्ला आएगा," असं जहूर नजर चुकवून दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र जगन्नाथच्या डोक्यावरचा बर्फ वितळला. भर बाजारात त्याने त्या पोराची कॉलर धरली.

"झूठा आदमी! पेड का पैसा लिया, फल किधर है? मेरे पास टाइम नहीं है, समझता है तू? टाइम नहीं है!"

जहूरने कॉलर सोडवून घेतली नाही. खाली मान घालून म्हणाला, "भाईसाब, भाभीने दूसरे ही दिन फोन किया था. रशीदा आपा के घर से. बोलीं, अंबरी रखो, और उनको मत बताना. कसम दी थी."

त्या दुपारी जगन्नाथ अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. रशीदा प्रमोदिनीजवळ बसली होती. त्याचा चेहरा बघून ती उठली आणि आपल्या घरी गेली.

"जहूरकडे गेलो होतो," तो म्हणाला.

"मग कळलं असेल."

"का केलंस तू असं?"

प्रमोदिनीने त्याला पलंगावर बसायची खूण केली. "अक्षय तृतीयेआधी आंब्याला न शिवणारा माणूस माझ्यासाठी जुलैचं सफरचंद मागतो. अहो, तुम्ही मला तारीखच सांगितलीत की हो."

जगन्नाथ तिच्याजवळ बसला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीने लपवत होता. म्हटलं, तेवढंच यांच्या हातात आहे, ते कशाला काढून घ्या."

"पण मग अंबरी? प्रमो, ऑक्टोबरला तू..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "जुलैत पेटी आली असती, मी दोन फोडी खाल्ल्या असत्या. मग? त्यानंतर आपण दोघं कशाची वाट बघत बसलो असतो?"

तेव्हा तो तिच्यासमोर रडला. तीही रडली. दोन खोल्यांच्या घरात दोन माणसं तीन महिने भिंतीआड रडत राहिली आणि दोघांनाही वाटत राहिलं की आपण दुसऱ्याला वाचवतोय. यापरतं वाईट काही नसतं. तीन महिने शब्दशः वाया गेले होते, आणि आता उरले होते त्याहून कमी.

उरलेले दिवस मात्र चांगले गेले, असं म्हणायला जीभ अडखळते, पण गेले खरे. ती सांगायची, तो ऐकायचा. आमटीला फोडणी कशी द्यायची ते तिने पलंगावरून शिकवलं आणि जळकट वास आला की ओरडली. गावी जायचं का, असं त्याने एकदा विचारलं. "नको. एवढा प्रवास करून लोकांचे चेहरे बघायचे," ती म्हणाली. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आता केवढं झालं असेल हो?" तो बोटांनी दाखवायचा, लिंबाएवढं. मग पेरूएवढं. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी, तो चहा करत असताना, ती गेली.

ऑक्टोबरच्या शेवटी जहूरचा फोन आला. "नको मला," जगन्नाथ म्हणाला आणि रिसीव्हर ठेवला. तरी तासाभरात जहूर लाकडी पेटी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. त्याने खिळे काढले. भाताच्या पेंढ्यात लांबट, तांबूस रेघांची फळं होती. जगन्नाथने एक उचललं आणि तसंच दातांनी फोडलं. कडक होतं, चव नव्हती. त्याने ते बेसिनमध्ये फेकून दिलं.

"भाईसाब, मैंने बोला था, अभी नहीं," जहूर हळूच म्हणाला. मग दोघांनी मिळून आतल्या खोलीत पेंढा पसरला, आंब्याची आढी लावतात तशी, आणि फळं एकेक करून मांडली.

डिसेंबरच्या मध्यावर घरात वास यायला लागला. आधी आतल्या खोलीत, मग बाहेर, मग जिन्यात. रशीदा दार ठोठावून म्हणाली, "जगन्नाथभाऊ, आता झालीत ती. खा."

"असू दे आणखी चार दिवस."

"नासतील. इथे काही काश्मीरची थंडी नाही."

आंबेवाल्याचा मुलगा तो, त्याला का कळत नव्हतं? फळ तयार झालं की थांबायचं नसतं. पण ऑक्टोबरपासून तो घरी येऊन रोज पेंढा चाळत होता, खालचं फळ वर करत होता, दाबून बघत होता. एकदा खाल्लं की हेही संपणार होतं. जुलैचं फळ मागणारा हा माणूस आता डिसेंबरलाही थांबवू पाहत होता.

शेवटी एका रात्री जेवण झाल्यावर त्याने एक सफरचंद चिरलं आणि खाल्लं. गोड होतं. इतकं गोड होतं की त्याला तिचा भयंकर राग आला, आणि तो राग सांगायला घरात कोणी नव्हतं.