बॅरिस्टरसाहेबांची स्थळपाहणी

रघोत्तमराव दुधनीकर नुसते बॅरिस्टर होऊन आले असते तरी सोलापूरचं भागलं असतं. पण ते लंडनला आणखी दोन वर्षं राहून एलएल.एम. झाले होते. ही पदवी काय असते हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिचा दरारा जास्त. स्टेशनवर हार घालायला आलेल्यांपैकी एकाने मला विचारलं, "मास्तर, बॅरिस्टरच्या वरती हे काय असतं?" मी बी.एस्सी., हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. म्हणालो, "माहीत नाही." तो म्हणाला, "म्हंजे लई वरचं दिसतंय."

साहेब माझ्या मावशीचे दीर, त्यामुळे त्यांचा प्रबंध मला वाचावा लागला. विषय वहिवाटीचे हक्क, रोमन लोकांचे. पानं तीनशे अकरा.

त्याच सुमारास चंद्रव्वा त्यांच्याकडे आली. ती विणकर, विधवा, घरात दोन माग. तिच्या बोळात विणकरांची सहा घरं. ऊन तापायच्या आधी ही मंडळी बोळात लांबच लांब ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, पसरतात, त्याला खळ लावतात आणि वाळल्यावर तो मागावर चढवतात. हिंदुराव नावाच्या सुताच्या व्यापाऱ्याने बोळाच्या टोकाची जागा घेतली आणि गोदामाचा पाया थेट बोळात आणला. दाव्याचा नकाशा मी काढला. बोळ एकशे बत्तीस फूट. पाया वगळून उरतो एकाहत्तर. ताण्याला लागतात एकशे वीस. भिंत उठली की माग बंद, यात मतभेदाला जागाच नव्हती.

हिंदुरावांचे वकील अण्णाराव. पुण्यापलीकडे कधी न गेलेले, तपकीर ओढणारे. सबजज्जांनी स्थळपाहणी करायचं ठरवलं आणि दोन्ही वकिलांना दिवस सुचवायला सांगितला. साहेबांनी विलायती डायरी उघडली. "सतरा तारीख, सकाळी आठ."

अण्णारावांनी छताकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "साहेबांच्या सोयीचा दिवस तोच आमच्या सोयीचा."

कोर्टात कशालाही सहज हो न म्हणणारा माणूस. तेव्हाच संशय यायला हवा होता.

कचेरीत परतल्यावर चंद्रव्वा म्हणाली, "सतराला आवस हाय की, साहेब."

"मग?"

"आवसंला कुनी मागाला हात लावत न्हाय. ताना बी काडत न्हाय. बोळ मोकळा दिसंल."

साहेब हसले. "बाई, कोर्टाला अमावस्या नसते. एक दिवस काढा ताणा. काय होतंय?"

"मी काडीन वो. पर ताना धराया सा मानसं लागत्यात. बाकीची यायची न्हाईत. दिस बदलून घ्या की."

"अर्जात काय लिहू? चंद्र दिसत नाही म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अमावस्या कशी होते हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. चंद्राचा सुताशी काही संबंध नाही, असं मी तिला समजावलं आणि साहेबांबरोबर हसलो. ती हसली नाही.

सतराला सकाळी आठ वाजता बोळ झाडून लख्ख, आणि पार रिकामा. सबजज्जसाहेब छत्रीखाली उभे. पाच घरांची दारं लोटलेली. चंद्रव्वा आणि तिची सून चन्नम्मा, दोघीच एक ताणा उलगडत होत्या. ताण्याला आधार देणारी मधली काठी खाली आली तशी चंद्रव्वा ओरडली, "साहेब, तेवडी काटी धरा की!"

साहेबांनी हात मागे घेतले. "मी तुमचा वकील आहे. मला पुराव्यात भाग घेता येत नाही."

मी धावलो. काठी मी उलटी धरली. खळीने ओला झालेला ताणा मातीत पडला आणि शंभर धागे एकमेकांत गुंतले.

अण्णाराव हळूच म्हणाले, "सरकार, दाव्यात रोज सकाळची वहिवाट म्हटली आहे. आत्ता सकाळच आहे ना?"

"आज आवस हाय, सरकार!" चंद्रव्वा पुढे आली. "आवसंला आमी..."

"बाई, गप्प बसा!" साहेबांनी तिला मागे ओढलं.

मला कारण कळेना. ते अण्णारावांनीच माझ्या कानाशी येऊन सांगितलं. साहेबांनी दाव्यात लिहिलं होतं की ही वहिवाट वर्षाचा एकही दिवस न चुकता चालते. वर्षातल्या बारा-तेरा अमावस्या कबूल केल्या, तर दावा त्यांच्याच तोंडाने खोटा पडत होता. ते वाक्य प्रबंधाच्या चाळिसाव्या पानावरून जसंच्या तसं उचललं होतं. रोमन लोकांचे माग अमावस्येला चालत असावेत.

मग साहेबांनी तिथेच इंग्रजी निवाडे सुरू केले. कुठल्याशा खेड्यात कुरणावर नाचायचा लोकांचा हक्क मान्य झाला होता म्हणे. सबजज्जांनी विचारलं, "या बोळात कुणी नाचतं का?" कारकूनसुद्धा हसला.

दावा फेटाळला गेला. दोन महिन्यांत गोदामाची भिंत उठली.

साहेबांचं मात्र काही अडलं नाही. मुंबईच्या एका लॉ कॉलेजला विलायती एलएल.एम. प्राध्यापक हवा होता. अर्जात त्यांनी लिहिलं की वहिवाटीच्या हक्काचा एक महत्त्वाचा दावा आपण चालवला आहे. निकाल काय लागला हे अर्जात विचारलेलं नव्हतं. नेमणूक झाली. वाचनालयात सत्कार ठरला आणि 'परदेशी कायदेशिक्षणाचे फायदे' या विषयावर त्यांचं भाषण. आभार मी मानायचे, असं ठरलं.

मी गेलो नाही. त्या वेळी मी चंद्रव्वाच्या घरी होतो. दोन्ही माग सोडवून भिंतीला टेकवलेले होते आणि जवळच्या कुंभारी गावचा एक विणकर विकत घेतलेले ते माग न्यायला गाडी घेऊन आला होता. सोमवारपासून ती गिरणीत बॉबिन भरायला जाणार होती.

"साहेबास्नी ममईत मोटी नोकरी लागली म्हनं?" तिने विचारलं.

"हो."

"काय करनार तितं?"

"वहिवाटीचा कायदा शिकवणार."

"बरं झालं," ती म्हणाली. "तितं शिकिवताना कुनाचा बोळ तर जायचा न्हाय."

मग ती चन्नम्मावर ओरडली, "आगं, ती मागाची फनी नीट गुंडाळ, दात मोडत्याल!" आणि गाडीवाल्याला खालची लाकडं आधी घ्यायला सांगून स्वतः बाजूला सरकली.