उकडलेलं बेणं

आधीच सांगून टाकलेलं बरं, अंकितानं ते जाणूनबुजून केलं नाही. दौंडात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोरगी ती. तिच्या माहेरी हळद म्हणजे दुकानातली पुडी, कात्रीनं कोपरा कापायचा आणि डब्यात ओतायची. टोपलीतली चिखलानं माखलेली गड्डी म्हणजे सासूचा जीव की प्राण, हे तिला कोण सांगणार?

भांडगावच्या अलीकडं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर आणि घरामागं चार हात रुंद, दहा हात लांब असा हळदीचा वाफा. सगुणाबाईनं तो बेचाळीस वर्षं जपला. अक्षय तृतीयेला लावणी, भादव्यात मातीची भर. दिवाळीला पानं कमरेला लागायची आणि माघात ती पिवळी पडून लोळायला लागली की काढणी. मग उकडायची, वाळवायची, घरच्या जात्यावर दळायची आणि तो भंडारा बिरोबाला. विकतचा भंडारा तिनं देवावर कधी उधळला नाही. "त्यात काय बी मिसळत्यात मेले," म्हणायची. वाफ्यात चप्पल न्यायची नाही, आंघोळीआधी हात लावायचा नाही आणि रागानं पाणी घालायचं नाही. सुनेशी वाजलं असेल त्या दिवशी ती कळशी खाली ठेवून तिथंच उभी राहायची, राग गिळायची, मगच पाणी. "देवळात देव भेटंल न भेटंल, हितं भेटतोच," असं तिचं म्हणणं. लोक हसायचे. हसेनात का!

यंदा माघात तिनं हळद काढली, ओसरीवर ढीग घातला आणि चौथ्या दिवशी गेली. छातीत कळ आली म्हणाली, दौंडला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेराव्याचे पाहुणे गेले, घर रिकामं झालं. ढिगातल्या हळदीला बुरशी धरायला लागली. आत्यांचं काम अर्धवट राहू नये, एवढंच अंकिताच्या मनात होतं. सासूला ती आत्या म्हणायची. तिनं चुलवण पेटवलं, कढई चढवली. गोठ्याच्या कोपऱ्यात हळदीच्या पानांखाली झाकलेली एक टोपली सापडली, त्यात चांगली जाडजूड गड्डी. आत्या विसरल्या असतील, असं समजून तिनं तीही कढईत उपडी केली. ते पुढच्या साली लावायचं बेणं होतं. ते कच्चंच राखायचं असतं, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण शेतकऱ्याच्या. रेल्वेतल्या फिटरच्या पोरीला कसं कळावं?

मग सासऱ्याला तरी कळायला हवं होतं की! पण म्हाळूआबांचीही एक गंमत होती. उभी हयात त्यांनी मेंढरांमागं काढली. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं ते ज्येष्ठाच्या तोंडाला परत यायचं. म्हणजे काढणी, उकडणी, लावणी, यातलं काही म्हणजे काही त्यांच्या डोळ्यांसमोर झालेलं नव्हतं. घरी यावं तर वाफ्यात हिरवे कोंब तयार. मेंढरं विकून आठ वर्षं झाली, तरी काढणी-उकडणीत ते लक्ष घालत नसत आणि लावणीच्या सकाळी सगुणाबाई कुणाला वाफ्याकडं फिरकू द्यायची नाही. आबांनी हळद पाहिली ती फक्त वाढताना.

बायको गेल्यावर म्हातारा भिंतीला पाठ लावून बसला तो बसलाच. अर्धी भाकरी खायचा, अर्धी कुत्र्याला. अंघोळ घालायची म्हणजे बिरदेवला रजा टाकावी लागे. बिरदेव हा अंकिताचा नवरा, कुरकुंभला कंपनीत शिफ्टला. अशी अवस्था असताना अक्षय तृतीयेच्या सकाळी आबा आपण होऊन उठले, अंघोळ केली आणि म्हणाले, "अंकिता, हळदीचा डबा दे. तिचा वाफा रिकामा ठिवायचा न्हाई."

तिनं डबा दिला. आबांनी त्यातली निवडून निवडून जाड हळकुंडं घेतली, उकडलेली, उन्हात खडखडीत वाळलेली, आणि अनवाणी वाफ्यात बसून एकेक हळकुंड मातीत पुरलं. अंकितानं पाणी आणून दिलं. तिला बाई किती बरं वाटलं! त्या दिवशी आबांनी पुरती भाकरी खाल्ली.

मग रोजचंच झालं. तांबडं फुटायला उठायचं, अंघोळ, वाफ्याला दोन कळशा पाणी आणि मग कडेला उकिडवं बसून हात जोडून काहीतरी पुटपुटायचं. "आबा नाम घ्यायला लागलेत," अंकिता बिरदेवला कौतुकानं म्हणाली.

ज्येष्ठात शेजारची धुरपदामावशी ताक मागायला आली. वाफा अजून काळाच बघून तिनं चौकशी केली, अंकितानं भोळेपणानं सांगितलं, आणि मावशी पदर तोंडाला लावून हसली. "अगं बया! उकडल्याली हळद कवा उगवती व्हय? आन् बेणं कुठं गेलं सगुणाचं? गोठ्यात पानाखाली ठिवायची ती."

मावशीला तिनं कसंबसं वाटेला लावलं. संध्याकाळी बिरदेव आला तसं त्याला सगळं सांगून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता आबांना सांगते."

"गप ऱ्हा," बिरदेव म्हणाला. "आत्ता कुठं म्हातारा जेवाया लागलाय. त्या वाफ्यावर जगतोय त्यो. सांगून काय बेणं परत येनार हाय का?"

तेही खरंच. आणि खरं बोलायचं तर अंकितालाही गप्प बसायला निमित्तच हवं होतं. सासूचं बेचाळीस वर्षांचं बेणं मी एका दुपारी शिजवून टाकलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ती गप्प बसली.

आषाढ लागला. धुरपदामावशीच्या परसात अळूची पानं सुपाएवढी झाली, बांधावर गवत माजलं, वाफ्यात मात्र काही नाही. आबांचं जेवण पुन्हा कमी झालं. उकिडवं बसणं मात्र वाढलं, आधी घटकाभर, मग दोन घटका. एकदा त्यांनी विचारलं, "पानी जास्त हुतंय का गं माज्याकडनं?"

"नाही आबा. उगवते कधी कधी उशिरा."

"तिचं तर तृतीयेपास्नं म्हैन्यात दिसायचं."

"यंदा हवाच तशी आहे." असं म्हणून अंकिता आत गेली आणि फडताळाला डोकं टेकून रडली. लबाडी एकदा केली की तिला रोज जेवू घालावं लागतं.

शेवटी तिनं शिरूरला दिलेल्या बहिणीला फोन लावला आणि तिथल्या नर्सरीतून कोंब फुटलेलं हळदीचं बेणं मागवलं. रविवारी आबा बिरोबाला जातात, तेवढ्यात वाफ्यात लावून टाकायचं. चार दिवसांत कोंब वर दिसतील, म्हातारा सुखावेल, आपली सुटका होईल. बेत चांगला होता. चांगल्या बेतांचं जे होतं तेच झालं.

तिसरा गड्डा लावताना मागून आवाज आला, "काय करतीस?"

आबा भंडाऱ्याची पिशवी विसरले होते, अर्ध्या वाटेतून परतले होते. अंकिताच्या एका हातात कोंब आलेला गड्डा आणि समोरच्या खड्ड्यात आबांनी पुरलेलं, भिजून काळं पडलेलं हळकुंड. आता काय सांगणार कपाळ! ती उठून उभी राहिली आणि बोलून गेली, "आबा, उकडलेली हळद उगवत नसते. आत्यांनी बेणं वेगळं ठेवलं होतं, मी तेच उकडलं. मला कळलं नाही. तुम्ही लावलंत ते कधीच उगवणार नव्हतं."

आबांनी वाकून खड्ड्यातलं हळकुंड उचललं. "तुला कवा कळलं ह्ये?"

"ज्येष्ठात."

तिला वाटलं आता शिव्या येणार. आल्या असत्या तर तिनं आनंदानं घेतल्या असत्या. पण आबा वाफ्याच्या कडेला हळूच टेकले.

"आमची पयली पोरगी हुती," ते म्हणाले. "दीड वर्साची. तापानं गेली. तवा म्या कोकणात. मला सांगावा कुठनं मिळनार? घरी आलो तर ही ह्या वाफ्याला पानी घालत हुती. त्याच साली केला तिनं वाफा. रडली न्हाई, भांडली न्हाई. म्हनली, हातपाय धुवा, भाकरी वाढते. बेचाळीस वर्सं म्या वाट बघितली, पोरी. म्हनलं, आज बोलंल, उद्या बोलंल. एकदा शिव्या घालील आन् मोकळी हुईल. बोललीच न्हाई."

अंकितानं हातातला गड्डा खाली ठेवला.

"आन् यंदा म्या लावल्यालं उगवंना, तवा म्हनलं, आता काढला हिनं राग. म्हनून रोज हितं बसून माफी मागायचो. चुकलं माजं, म्हनायचो. पोरीच्या टायमाला यायला पायजे हुतं, म्हनायचो."

"नाम घेत नव्हता तुम्ही?"

"कसलं नाम?"

अंकिता तिथंच मातीत बसली, आबांचे पाय धरले. "नाही हो आबा. आत्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा राग नव्हताच तो. सगळी चूक माझी. मी सांगायला हवं होतं."

म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून ती बोलली. आबांनी मात्र तिच्याकडं असं पाहिलं की तिचा हात आपोआप सुटला.

"रागावली न्हवती," ते म्हणाले. "व्हय. म्हंजी हितं न्हवतीच ती. मग इतकं दिस म्या कुनाशी बोलत हुतो गं?"

आणि माघात चितेपाशी ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता, तो माणूस त्या दिवशी भर सकाळी सगळ्या आळीला ऐकू जाईल असा रडला. धुरपदामावशी कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली.