वसतिगृहामागची पावसाची टाकी

मी टाकी बोलतेय. मुलींच्या वसतिगृहामागे कट्ट्यावर बसवलेली, पत्र्याची, पोटानं अंमळ मोठी. छपरावरचा पाऊस नळातून माझ्यात यावा आणि त्यावर मुलींची धुणी नि संडास-बाथरूमची सफाई निघावी, एवढ्यासाठी मला बनवलं.

पहिली दोन वर्षं सुखात गेली. मग एका उन्हाळ्यात छप्पर धुवायला प्लंबर आला. घाण माझ्या पोटात जाऊ नये म्हणून त्यानं नळावरच्या झडपेची मूठ गटाराकडे वळवली. बरोबरच केलं त्यानं. फक्त जाताना ती परत फिरवायची राहून गेली. त्यानंतर तीन वर्षं पाऊस माझ्या नाकासमोरून गटारात जात राहिला आणि मी कोरडी.

पण करमायचं नाही असं नव्हतं. माझ्या कट्ट्यावर मुली येऊन बसत. मला दुसऱ्याचं ऐकायची खोड आहे, खोटं कशाला बोलू? कुणाचं कुणाशी जमलंय, कुणी आईला पेपर सोपा गेला म्हणून थाप मारली, सगळं मला ठाऊक.

एकदा एक चष्मेवाली मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. पावसाचं पाणी साठवण्याबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं, हा तिच्या अभ्यासाचा विषय.

"साठवणं गरजेचं आहे का?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय, अगदी गरजेचं," म्हणत एका उंच मुलीनं कागद माझ्याच पोटाला टेकवून खूण केली.

"तुमच्या वसतिगृहात सोय आहे?"

"कुठली गं? हे धूड आहे, पण बंद पडलंय. असल्या योजना उद्घाटनापुरत्याच."

सासूसमोर बसून तिचीच उणीदुणी काढावीत, तशातली गत. आणि सासूचे कान शाबूत.

तेवढ्यात सफाईवाल्या मावशी केर घेऊन आल्या. "बोलून घ्या गं तिच्याबद्दल," त्या म्हणाल्या. "सोमवारी कापायला येतायत तिला. रेक्टरसाहेबांना इथे स्कूटरची शेड हवीय."



"पण मावशी, बंद कशानं पडली?" चष्मेवालीनं विचारलं.

"मला काय विचारतेस? शिकलेल्या तुम्ही. सगळ्या म्हणतात बंद पडली. बघितलं कुणी?"

 दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, तशी चष्मेवाली छत्री घेऊन आली आणि छपरापासून नळावर नजर ठेवत खाली खाली येत मुठीपाशी थांबली. मूठ गंजलेली. तिनं मावशींना हाक मारली. मावशींनी पदर खोचला. "हं, लाव जोर. जेवतेस की नाही?" दोघी लोंबकळल्या तेव्हा कुठे मूठ कुरकुरत फिरली.

आणि पाणी आलं. काय सांगू, माहेरचं माणूस दारात दिसावं तसं वाटलं मला. आधी गंजाचं लाल पाणी मावशींनी वाहू दिलं. मग मी दोन दिवस भरत राहिले.

सोमवारी रेक्टर पत्रे कापणाऱ्याला घेऊन आले.  मावशींनी खाली बादली ठेवून माझी तोटी सोडली. बादली भरली.

"ही चालते?" रेक्टर म्हणाले.

"ती चालतेच, साहेब. आपणच मूठ फिरवली नव्हती."

रेक्टरांनी बादलीत बोटं बुडवून पाहिली. मग कापणाऱ्याला म्हणाले, "चला, शेड पलीकडे कुठे बसते का बघू."

आता माझं बरं चाललंय. सकाळी बादल्यांची रांग लागते आणि उंच मुलगी सगळ्यांत पुढे असते. पाणी किती उरलंय ते कळायला मुली माझ्या पोटावर वरून खालपर्यंत बोटं वाजवत जातात. टण् वाजलं तर तिथवर रिकामी, थप् वाजलं की पाणी. गुदगुल्या होतात, पण मी सोसते. तुमच्याही इमारतीमागे माझी एखादी बहीण उभी असेल. तिला नावं जरूर ठेवा, फक्त आधी एकदा वाजवून बघा.