खोऱ्यात कोणी नाही

आकाश: पश्चिमेकडून पांढरं होत आलेलं.
वारा: धारेवर झोंबणारा, झाडीत पडलेला.
माणसं: दोन. जपानमधल्या फुरानोच्या डोंगरात बर्फ पारखून कळवणारी मी, आणि उसुदा-सान. त्यांची मुलगी कानाए जानेवारीपासून समोरच्या खोऱ्यात बर्फाखाली आहे.

शोधपथक कधीच परत गेलं. वादळाआधीचा हा शेवटचा उघडा दिवस. खोऱ्यावरचा उतार भक्कम निघाला तर आम्ही दोघं खाली उतरून सळ्या टोचत शोधणार. नाहीतर बर्फ वितळेपर्यंत थांबायचं.

मागे घसरू नये म्हणून स्कीखाली लावलेल्या पट्ट्या घासत भोजवृक्षांमधून चढलो. वॉकीटॉकीवर खालच्या चौकीतला हिरायानागी.

"तोमारी-सान, चढताय की चहा ढोसताय?"

"तू तोंड धू आधी. तुझं घोरणं इथवर ऐकू येतंय."

उसुदा-सान हसल्यासारखं करतात.

बर्फ: कडेला, त्याच दिशेच्या पण लहानशा उतारावर खड्डा खणला. भिंतीतून खांब कापून सुटा केला. त्यावर फावडं ठेवून थापा मारायच्या, आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. खांब जितक्या लवकर सरकेल तितका उतार वाईट.

"आज मी मारू?" महिनाभर माझ्याबरोबर येऊन ते हे शिकलेत.

मनगट झालं. कोपर झालं. खांदाही. खांब उभाच.

"भक्कम आहे." आवाज चढलेला.

"उसुदा-सान, झोपलेल्या पोराला थोपटावं तसं थोपटलंत तुम्ही."

ते फावड्याकडे बघतात. "जोरात मारलं तर पडेल ना."

मी नवा खांब कापला आणि मारलं. मनगटातच वरचा थर टेबलाच्या ओढलेल्या खणासारखा पुढे आला. खाली साखरेसारखे सुटे दाणे.

"आणखी एकदा कापा."

"कितीदा कापलं तरी तेच निघणार."

"तुमच्या घरचं कोणी असतं तर?"

"तर कोणालातरी मला इथे बांधून ठेवावं लागलं असतं."

त्यांनी मान डोलावली. फावडं उचलून स्वतःच खड्डा बुजवायला लागले.

हिमस्खलन: खोऱ्यावरचा उत्तरेकडचा उतार, आपोआप. शेजारच्या घरात दार लागावं एवढाच आवाज. मग धारेखालून एक रेघ धावत गेली आणि अख्खा उतार निघाला. धुरळा खाली बसला तेव्हा पथकाने खोऱ्यात रोवलेली लाल निशाणं दिसेनात. कानाएवर आणखी किती चढलं, ते उसुदा-साननी विचारलं नाही.

"इथवर ऐकू आलं," हिरायानागी म्हणाला. आवाजातली मस्करी गेलेली. "तुम्ही दोघं ठीक? नियमाने विचारावं लागतं. खाली कोणी अडकलंय?"

मी बटण दाबलं. नियमाचा प्रश्न आज अडकलेल्यांपुरता असतो, आणि उत्तर मला ठाऊक होतं. तोंडातून निघेना.

उसुदा-साननी वॉकीटॉकी माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"उसुदा बोलतोय. आम्ही ठीक आहोत. खोऱ्यात कोणी नाही. उगाच पथकाला पळवू नका. आमच्यामुळे आधीच फार त्रास झालाय तुम्हा सगळ्यांना."

एवढं बोलून, न दिसणाऱ्या हिरायानागीपुढे, ते कमरेतून वाकले. पलीकडून तो "असं काय म्हणता, असं काय म्हणता" करत राहिला. बराच वेळ झाला तरी ते सरळ झाले नाहीत.