पेटीतला गंधार

मित्रांनो, लातूरजवळच्या मुरुडच्या एका शाळेत कार्यालयामागं खेळाच्या साहित्याची खोली आहे. तिथं तुटक्या लेझमांच्या आणि हवा गेलेल्या दोन फुटबॉलांच्या शेजारी, जुन्या सतरंजीत गुंडाळलेली जी पेटी दिसते ना, ती मी. पुस्तकात मला हार्मोनियम म्हणतात. शाळेतली लेकरं मात्र पेटीच म्हणतात आणि मलाही तेच आवडतं.

माझा जन्म उदगीरचा. विरूपाक्ष मिस्त्रींनी मला घडवलं. माझं अंग सागाचं, आणि माझे सूर पितळेचे. सूर म्हणजे आत बसवलेल्या बारीक बारीक पितळी जिभा. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि बोलतात. मिस्त्री एकेक जीभ कानशीनं हलकेच घासायचे, वाजवून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. लेकराच्या केसांतली गाठ सोडवावी तसं त्यांचं काम, जराही ओढाताण नाही. शाळेत गाणं शिकवणारे राघवेंद्र सर मला न्यायला आले तेव्हा मिस्त्री त्यांना म्हणाले होते, "सर, ही एकेरी सुराची हाय. एक जरी सूर बिघडला तर झाकून घ्यायला जोडीला दुसरा न्हाई. दोन वर्षांनी एकदा आणत जावा."

सर "हाव, हाव" म्हणाले आणि मला जीपमध्ये घालून घेऊन आले. परत कधीच नेलं नाही.

तरी सुरुवातीची वर्षं फार सुखाची होती. रोज सकाळी प्रार्थनेला मला व्हरांड्यात ठेवायचे. पाचशे लेकरं माझ्या सुरावर सूर ठेवायची. पाहुणे आले की म्हणायचे, "पेटी लई गोड हाय, सर!" सर माझ्यावरून रुमाल फिरवायचे. मला वाटायचं, आपल्यासारखं भाग्य कुणाचं नाही.

मग एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन होतं. पाट्या, वह्या, प्रयोगशाळेतला तराजू, सगळं मांडलं होतं. मधोमध मी होते, झाकण काढलेली. सर माझ्यावर देवीची स्तुती वाजवत होते. शिपाई लक्ष्मणराव झेंडूचं फूल कुंकवाच्या पाण्यात बुडवून शिंपडत होते. भक्तिभावानं शिंपडत होते, म्हणून जरा जास्तच शिंपडत होते. सरांचं बोट गंधारावर होतं. म्हणजे सा रे ग मधल्या ‘ग’वर. पट्टी दाबलेली, आतलं भोक उघडं, आणि नेमका त्याच क्षणी कुंकवाचा एक थेंब आत पडला, तो थेट माझ्या गंधाराच्या जिभेच्या टोकावर.

थेंब वाळला. जीभ जड झाली. माझा गंधार नखभर खाली उतरला.

वरच्या पट्ट्यांवरचे डाग सगळ्यांना दिसत होते. पण पूजेचं कुंकू पुसायचं कसं? "राहू द्या, देवीची खूण आहे," सर म्हणाले. आत कुणी बघितलंच नाही. पहिले चार दिवस सर ‘ग’ वाजवताना जरा थबकायचे. मग त्यांच्या कानाला सवय झाली. लेकरं तर माझ्याच मागून म्हणायची. मी उतरले तशी तीही उतरली, आणि सगळे मिळून चुकले की चूक ऐकू येत नाही.

पुढच्या जूनमध्ये ऋतुजा पाचवीत आली.

तिची आई गौरम्मा शाळेत खिचडी शिजवायची. माहेर निलंग्याकडचं, त्यामुळं बोलण्यात कानडी यायची, आणि लेक तिला अव्वा म्हणायची. गौरम्मा डाळ धुताना गुणगुणायची आणि ऋतुजा तांदूळ निवडता निवडता तिच्या मागं म्हणायची. ना पेटी ना तबला. नुसते दोन गळे.

पहिल्याच दिवशी प्रार्थनेत मी तो गळा ऐकला. पाचशे आवाज माझ्या उतरलेल्या गंधारावर आले, आणि एक आवाज वर, आपल्या जागी, दिव्याच्या वातीसारखा सरळ उभा राहिला. तो खरा गंधार होता. विरूपाक्ष मिस्त्रींच्या कानशीखालून निघालेला, माझा हरवलेला गंधार! मला इतका आनंद झाला की भाता फुटेल असं वाटलं.

सरांनी वाजवणं थांबवलं.

"कोण ते? कोण बेसूर म्हणतंय?"

लखन नावाच्या पोरानं बोट दाखवलं. "सर, ही. खिचडीवाल्या मावशीची."

सरांनी तिला पुढं बोलावलं. ‘ग’ दाबला. "म्हण." तिनं म्हटला. पुन्हा दाबला. "म्हण." तिनं पुन्हा तोच म्हटला, खरा. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरले, पण सूर हलला नाही.

"सर, पेटीचाच जरा..." ती पुटपुटली.

"पेटी कधी चुकते का गं?" सर हसले आणि सगळ्या शाळेकडं वळून म्हणाले, "आईच्या खिचडीत खडा सापडत नाही, तो हिच्या गळ्यात जाऊन बसलाय!"

पाचशे लेकरं हसली. त्या दिवसापासून तिचं नाव ‘खडा’ पडलं. पाण्याच्या टाकीवर खडा, कबड्डीत खडा, हजेरीलाही मागून कुणीतरी हळूच खडा. आणि प्रार्थनेसाठी सरांनी तिला नियम घालून दिला, "तू नुसते ओठ हलव. आवाज पोटात ठेव."

गौरम्मा एकदा हात पदराला पुसत सरांकडं आली. "सर, पोरगी घरी लई छान म्हणती ओ. लातूरच्या त्या बाई दरसाल एक लेकरू शिकवायला घेत्यात म्हणं. हिला बी न्या की संगं."

लातूरच्या चंद्रप्रभाबाई म्हणजे मोठ्या गाणाऱ्या. दर जानेवारीत शाळांची स्पर्धा घ्यायच्या आणि त्यातून एका मुलाला आपल्या घरी शिकवायच्या. ऋतुजाच्या मनात पाचवीत आल्यापासून तेवढंच होतं.

"मावशी," सर म्हणाले, "तुमच्या भाताला शिट्टी किती द्यायची ते मी सांगतो का? मग सुरातलं तुम्ही मला नका सांगू."

गौरम्मा खाली मान घालून गेली. संध्याकाळी भांडी घासताना लेकीला म्हणाली, "सर म्हणत्यात म्हणजे खरंच असंल मगा, बाळा माझ्या. तूच सुधार."

मित्रांनो, टवाळ पोरांपेक्षा हे वाक्य जास्त लागतं. कारण ते मायेनं म्हटलेलं असतं.

ऋतुजानं सुधारायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत सगळे ताटं घेऊन बसले की ती खेळाच्या खोलीत यायची. एका हातानं भाता मारायची, एका बोटानं ‘ग’ दाबून धरायची. आणि आपला सोन्यासारखा सूर माझ्या चुकलेल्या सुराजवळ खाली ओढून आणायची. तो खाली यायला तयार नसायचा. सारखा आपल्या जागी वर जायचा. ती स्वतःच्या मांडीला चिमटा काढायची आणि पुन्हा म्हणायची.

मी काय करणार? बोट दाबलं तरच मी बोलते, आणि बोलले की खोटंच बोलते. ‘नको गं बाळा’ म्हणायलाही माझ्याजवळ तोच एक बिघडलेला सूर होता.

दसरा आला. पुन्हा कुंकू, पुन्हा झेंडू. सगळे गेल्यावर ऋतुजानं माझ्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "पेटीबाई, मला तुझा ग दे."

आणि मी तो दिला. डिसेंबरच्या एका दुपारी तिचा आवाज घसरत घसरत बरोबर माझ्या चुकीवर येऊन बसला. ती टाळ्या वाजवत धावत गेली. सरांनी ऐकलं. तीनदा ऐकलं.

"आता कसं! विरघळला की खडा!" सर खरोखर खूश झाले. त्यांनी तिचं नाव लातूरच्या यादीत घातलं. गौरम्मानं लेकीला सरांच्या पाया पडायला लावलं आणि त्या दिवशी सगळ्या शाळेच्या खिचडीत मूठभर शेंगदाणे जास्त पडले.

लातूरला जीपमध्ये मीही होते. पण तिथं नियम होता, वाजवायची ती सभागृहातलीच पेटी. मला मंचाच्या पायाशी ठेवलं. आमच्या शाळेतलं एकेक लेकरू जाऊन एकेक ओळ म्हणत होतं आणि त्या परक्या पेटीच्या खऱ्या गंधाराशी आपटत होतं. शेवटी ऋतुजा उभी राहिली. गंधार आला. तिनं मी दिलेला लावला. समोरून खरा वाजला. तिचे डोळे मोठे झाले. तिनं ओळखला तो! वर जायची धडपड केली, पण सहा महिने जो सूर चिमटे काढून खाली बसवला होता, तो उठेना. आवाज मधेच थरथरला आणि तुटला.

"कान चांगला आहे हिचा," चंद्रप्रभाबाई हळूच म्हणाल्या, "पण गळा कच्चा आहे." त्यांनी किल्लारीचं एक लेकरू निवडलं. उठताना सरांना म्हणाल्या, "तुमची सगळीच मुलं एकाच जागी उतरतात. पेटी तपासून घ्या."

परतीच्या वाटेवर ऋतुजानं विचारलं, "सर, तिथली पेटी वेगळी होती का?"

"तिथली पेटी चढी होती," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आठ दिवसांनी सरांनी विरूपाक्ष मिस्त्रींना बोलावलं. रविवार बघून, शाळा रिकामी असताना. मिस्त्री आता थकले होते, पण हात तेच. त्यांनी मला उघडलं, भिंगातून बघितलं आणि हसले.

"कुंकू वाळून दगड झालंय की ओ! देवीनंच सूर खाल्ला म्हणायचा." सुईच्या टोकानं त्यांनी तो लाल कण अलगद काढला. "एवढे दिवस असाच वाजतोय? एका बी लेकरानं सांगितलं न्हाई? लेकरांना कळतंय, सर."

सर दाराकडं वळले. तिथं चहाची किटली घेऊन ऋतुजा उभी होती. गौरम्मानं पाठवलेली.

मिस्त्रींनी ‘ग’ दाबला. माझा गंधार! माझा जन्मापासूनचा, खरा. ऋतुजानं चटकन मान वर केली. तिला सगळं आठवलं असणार.

"ये बाळा, म्हण की ह्याच्यासंगं," मिस्त्री म्हणाले. त्या भल्या माणसाला काय ठाऊक?

तिनं डोळे मिटले. म्हटलं. सूर खाली आला, माझ्या जुन्या चुकीवर. पुन्हा म्हटलं. पुन्हा खालीच. मी जीव तोडून खरं बोलत होते आणि तिला वर येता येत नव्हतं.

"उतरलाय गं जरा," मिस्त्री मायेनं म्हणाले.

"सर," ऋतुजा डोळे न उघडताच म्हणाली, "आधी माझा बरोबर होता ना?"

खोलीत फक्त माझा भाता श्वास सोडत होता. एवढ्या वेळात सर ‘हो’ म्हणू शकले असते. एकच अक्षर होतं.

"बघा मिस्त्री," सर म्हणाले, "मी हिला पहिल्यापासून हेच सांगतोय. चहा ठेव आणि जा."

बाकीची लेकरं आठवड्यात माझ्यामागून वर आली. त्यांनी कुठला सूर घोटलाच नव्हता, त्यामुळं त्यांना काही सोडावं लागलं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादी पेटी असेल. तिला उघडून पुसत जा. पूजा करायची तर झाकण लावून करा. आणि शंभर जण एकीकडं असताना एखादं लेकरू वेगळा सूर लावत असेल, तर त्याला हसण्याआधी एकदा पेटीच्या पोटात डोकावून बघा.

मी अजून रोज सकाळी प्रार्थनेला व्हरांड्यात असते. माझा गंधार आता खरा लागतो. पाचव्या रांगेत ऋतुजा उभी असते. ‘ग’ आला की तिचे ओठ अगदी वेळेवर उघडतात. भात्यातली हवा संपेपर्यंत मी तिच्या आवाजाची वाट बघते.

ओठ मिटतात. सर पुढची ओळ धरतात.